श्रीलंकेची ठिणगी १९४८ चीच

श्रीलंकेतील वांशिक संघर्षाचे मूळ १९५६ च्या ‘फक्त सिंहली’ भाषा कायद्यात असल्याचे रविवारच्या पुरवणीतील लेखात म्हटले आहे. ते पटत नाही. पहिला घाव स्वातंत्र्याच्या वर्षीच बसला होता.

४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन (आजची श्रीलंका) स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. वडील, किंवा आजोबा आणि पणजोबा दोघेही, सिलोनमध्येच जन्मल्याचे सिद्ध करा, अशी त्यात अट. चहामळ्यांवरच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या, मुळच्या भारतातल्या तमिळ मजुराने बापाचा जन्मदाखला आणायचा कुठून? सुमारे सात लाख माणसे बिनदेशाची झाली. १९४७ मध्ये मतदान केलेल्या मजुरांचा मताधिकारही १९४९ मध्ये गेला. देशाला परकीय चलन मिळवून देणारा चहा मात्र त्यांच्याच बायका खुडत होत्या!

कोणत्याही एका जमातीवर निर्बंध लादणारा कायदा करता येणार नाही, असे तिथल्या राज्यघटनेचे कलम २९ सांगत होते. तरीही हा कायदा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, टिकला, कारण त्यात तमिळांचे नावच नव्हते. याच प्रश्नावरून तमिळ काँग्रेस हा तिथल्या तमिळांचा पक्ष फुटला आणि त्यातले नेते चेल्वनायकम यांनी १९४९ मध्ये संघराज्याची मागणी करणारा पक्ष काढला. पुढे दोन्ही देशांच्या पंतप्रधानांमधल्या १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात तर सव्वापाच लाख लोक भारताच्या वाट्याला, तीन लाख सिलोनच्या, अशी माणसांची वाटणी झाली. त्यांना कुणी विचारले नाही.

लेखात या मळेकामगारांचा एका ओळीतही उल्लेख नसावा, याचे वाईट वाटते.

– एक वाचक, सातारा