शब्दाला विचार

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

हा शब्द लिहिताना मी अजूनही क्षणभर थांबते. का, ते पुढे सांगते.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, हे काम माझ्यासाठी नाहीच बहुतेक." मी म्हटलं, झोप आता, सकाळी बोलू. सकाळी तू विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही. तोंडी बोलायला लागलं की मला वेळेवर काही सुचत नाही. 28 वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासण्यात गेली. समोर कागद असला तरच माझं डोकं चालतं. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली देऊन टाकते. तू आवाजाचं काम शिकायचं ठरवलंस तेव्हा मी होकार दिला, पण तो तोंडदेखला होता. कुणी विचारलं, मुलगी काय करते, की मी "कॉम्प्युटरवर काहीतरी असतं तिचं" असं सांगून विषय बदलायचे. बाबा निदान सरळ भांडले तरी तुझ्याशी. मी भांडलेही नाही. मला खरंच कळत नव्हतं की चित्रीकरणात आवाज आपोआप येत असताना त्यावर महिनोन्महिने काय करायचं असतं.

ते कळलं त्या संध्याकाळी, तुझ्या शेजारी स्टूल ओढून बसले तेव्हा. त्या म्हाताऱ्या गृहस्थांची मुलाखत तू कापत होतीस. त्यांच्या दोन वाक्यांमधला खोकला काढलास आणि तिथे एक भोक पडलं. नुसती शांतता नाही, भोक. जणू त्या माणसाला कुणीतरी क्षणभर खोलीबाहेर उचलून नेलं होतं. मग तू दुसऱ्या फाइलमधून रिकाम्या खोलीचा आवाज आणून तिथे बसवलास. त्याला रूम टोन म्हणतात, हे मला तेव्हा समजलं. शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट, मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणालीस, आणि हेडफोन लावून मला ऐकवलीस. पंखा नाही, माणूस नाही, आणि तरीही काहीतरी होतं.

दुसरं सांगितलंस ते तर मी बाबांनाही दोनदा ऐकवलंय. आवाज ओठांच्या मागे पडला तर आपण बराच काळ चालवून घेतो, सेकंदाच्या साधारण आठव्या भागापर्यंत. पण तो ओठांच्या आधी आला, तर त्याच्या निम्म्याहून कमी वेळातही खटकतो. पडद्यावरच्या जेमतेम एका चौकटीएवढा फरक, आणि चौकटी तर सेकंदाला 24. कारण उजेड आवाजाच्या आधी पोचतो; जगात कुठेही उशिरा येतो तो आवाज, आधी कधीच येत नाही. आपल्या कानाला हे जन्मापासून पाठ असतं. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याचं मन उठतं.

मी स्टूलवर बसून मनात म्हटलं, अगं, हे तर माझंच काम! नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि चुकलं तर सगळ्यांना दिसतं. त्या दिवसापासून माझा होकार खरा झाला. तुला तसं सांगितलं मात्र नाही, ते आज सांगतेय.

आता परवाच्या गोष्टीकडे. तुझा माहितीपट तीन महोत्सवांतून नाकारून परत आला, आणि त्या निर्मात्याने नमुन्याचं काम करून घेऊन शेवटी दुसऱ्या कुणाला घेतलं. दोन्ही ठिकाणी कारण दिलेलं नाही. हीच वाईट खोड आहे या नकारांची. कारणाची जागा रिकामी ठेवतात आणि ती आपण स्वतःच्या हाताने भरतो. भरतो ते नेहमी एकच वाक्य: मी कमी पडले. कारण दुसरंही असू शकतं. लघुपटांच्या एका खेळाला मिनिटं मोजून दिलेली असतात. तुझा 22 मिनिटांचा एक घ्यायचा तर दोन छोटे बाहेर ठेवावे लागतात. असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. एवढंच की तुला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना तू निकालपत्र लिहून मोकळी झालीस.

आता तो आशीर्वाद. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पुरवणीचं मुख्य शीर्षक माझ्या हातून गेलं. त्यात "आर्शीवाद" छापून आलं. आतल्या बारीक मजकुरातले सगळे अनुस्वार मी जागेवर बसवले होते, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांतला रफार मला दिसला नाही. (तसंच होतं बहुधा. मोठं अक्षर आपण वाचत नाही, नुसतं बघतो.) बोलणी खाल्ली, ती ठीकच होती. पण त्यानंतर पंधरा दिवस मी कामातून गेले. "पाणी" शब्दावर थांबून णी पहिली की दुसरी ते शब्दकोशात बघायचे. पाच पानं व्हायची तिथे दोन होईनात. चुका कमी झाल्या म्हणशील, तर त्याही नाही. उलट वाढल्या, कारण माझं लक्ष ओळीवर नव्हतंच, माझ्यावर होतं.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क मुद्रितशोधक बसायचे. अबोल माणूस. त्यांनी दोन आठवडे बघितलं आणि एक दिवस प्रूफावरून डोकं वर न काढताच म्हणाले, "अहो, शब्दाला विचारा ना, तू बरोबर आहेस का म्हणून. स्वतःला काय विचारत बसलाय?"

मला ते तेव्हा नीटसं कळलं नाही, टोमणाच वाटला. हळूहळू कळलं. आमचा धंदाच शंकेचा. ज्याला शंका येत नाही त्याने प्रूफं वाचू नयेत. पण शंका घ्यायची ती समोरच्या ओळीवर. ओळीवर घेतलेल्या शंकेला उत्तर असतं: कोश उघडायचा, मूळ प्रत बघायची, दुरुस्ती करायची, पुढे जायचं. स्वतःवर घेतलेल्या शंकेला कोश नाही. ती रात्रभर चालते आणि सकाळी होती तिथेच असते. "मी या कामासाठी आहे का" याचं उत्तर कुठल्या टाइमलाइनवर सापडणार तुला? "चौथ्या मिनिटाला त्या बाईंचा आवाज पावसाखाली दबतोय का" याचं सापडेल, आणि संध्याकाळपर्यंत सापडेल.

तूच मागे त्या हॉलिवूडच्या संकलकाची, वॉल्टर मर्चची गोष्ट सांगितली होतीस, मी ती वहीत टिपून ठेवलीय. ‘अपोकॅलिप्स नाउ’, 1979. सगळं चित्रीकरण मिळून 230 तासांहून जास्त, आणि तयार चित्रपट अडीच तासांच्या आत. नंतर त्याने हिशेब मांडला, की चित्रपटात शेवटी राहिलेले कट सगळ्या संकलकांच्या सगळ्या दिवसांत वाटले, तर एका माणसाच्या वाट्याला दिवसाला 1.47 येतात. दीडसुद्धा नाही! बाकीचा दिवस जोडून बघण्यात, उखडण्यात आणि पुन्हा जोडण्यात. दिवसभर बसून काहीच हाती लागलं नाही अशी तुझी तक्रार असते, तेव्हा मला तो 1.47 आठवतो. त्या लोकांनी पहिली जोडणी फसली म्हणून घरी जायचं ठरवलं असतं तर?

आणि ती खेळण्यांच्या दुसऱ्या सिनेमाची गोष्ट, ‘टॉय स्टोरी 2’ची. 1998 मध्ये कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि सर्व्हरवरून सिनेमाचा बराचसा भाग पुसला जाऊ लागला, बॅकअपही धड निघेना. सिनेमा वाचला तो नुकत्याच बाळंत झालेल्या एका तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. बाळासाठी ती घरून काम करत होती, म्हणून तिच्या घरच्या संगणकावर प्रत होती. मला अर्थातच हा भाग आवडला. पण खरी गंमत त्याच्यापुढे आहे. एवढ्या जिवावरच्या प्रसंगातून वाचवलेला सिनेमा त्यांनी पुन्हा बघितला, तो पुरेसा चांगला नाही असं ठरवलं आणि सुमारे नऊ महिन्यांत बहुतेक सगळा नव्याने केला. शंका घेतलीच त्यांनी, पण सिनेमावर.

(यावरून आठवलं: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुझाच नियम. मागच्या वर्षी हार्ड डिस्क बसली तेव्हा एकच प्रत होती तुझ्याकडे. मी काही बोलले नव्हते, आज बोलतेय.)

खोटा धीर मी देणार नाही. आमच्याकडे शब्द तपासणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळे म्हणाले, यंत्र काही माणसाची जागा घेत नाही. घेतली. आम्ही नऊ जण होतो, तिघं उरलो. तुझ्याकडेही आता आवाजातली खरखर एका बटणावर निघते. नुसती खरखर काढून देण्यावर पोट भरेल, असं धरून चालू नकोस. आम्ही तिघं उरलो ते यंत्रापेक्षा जलद होतो म्हणून नव्हे. कुठली चूक चूक नाही, लेखकाची बोली आहे, ती तशीच राहू द्यायची, हे आम्ही सांगायचो. त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात खुर्ची करकरते ती तू मुद्दाम ठेवलीस. का, असं विचारल्यावर म्हणालीस, "ते अवघडलेत, ते खुर्चीच सांगतेय." हे बटण सांगणार नाही. निदान इतक्यात तरी.

पैशाचं थोडक्यात, कारण तुला ते ऐकायला आवडत नाही. काम सुरू करण्याआधी काही रक्कम हातात घे. बदल किती वेळा करून देणार ते आकड्यात लिही, "थोडेफार" असं नको. नमुन्याचं काम फुकट करायचं तर दोन मिनिटांचं, अख्खा भाग नाही. "पैसे नाहीत पण नाव होईल" असं जो म्हणेल त्याला विचार, श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं येणार ते लेखी देता का. उत्तरावरून माणूस कळतो. आणि महिन्यातले काही दिवस दुसरं कंटाळवाणं काम करावं लागलं, कुणाच्या भाषणांची साफसफाई वगैरे, तर करावं. मी वर्षानुवर्षं निविदा आणि जाहीर नोटिसा वाचल्यात. त्यातून कविता वाचायला डोळे बिघडले नाहीत.

तुझ्याबरोबरच्या मुलांची कामं तू रात्री उशिरा फोनवर बघत बसतेस, हे मला माहीत आहे. "पाहिलं" ची वेळ दिसते मला. त्यांचं तुला तयार झालेलं दिसतं आणि स्वतःचं मात्र उखडलेलं. तुलनाच करायची तर तुझ्याच दोन वर्षांपूर्वीच्या फाइलशी कर. ती उघड आणि कानाला लाव. मी लावली होती गेल्या आठवड्यात. त्यात प्रत्येक कटला पार्श्वभूमीचा आवाज टपकन तुटतो. तेव्हा तुला तो ऐकूही येत नव्हता, आज मला येतो, आणि मला तो ऐकायला तूच शिकवलंस.

सोडायचंच असेल तर सोड, बाळा. तो हक्क तुझा आहे आणि मी तोंड पाडणार नाही. पण आवाजाचा कंटाळा आला म्हणून सोड. तीन पत्रांत कारण लिहिलं नव्हतं म्हणून सोडू नकोस.

माहितीपटाची शेवटची प्रत मला पाठव. बाबांनी स्वतःहून चांगले हेडफोन आणलेत. माझ्यासाठी म्हणतात, पण लावून बसतात तेच. परवा जेवायला हाक मारली तर ऐकूच आली नाही त्यांना. जवळ जाऊन बघते तर काहीच लावलेलं नव्हतं, तू पाठवलेली ती रिकामी खोली ऐकत बसले होते.

तुझी,
आई

ता. क. – श्रेयनामावलीत तुझ्या नावावर "ध्वनीसंयोजन" आहे. समासात नि पहिली. दीड वर्षं झालं, कुणाच्याच लक्षात आलेलं नाही, पण पाठवण्याआधी तेवढं दुरुस्त कर.