चालता न येणारी कोंबडी

महोदय,

परसातली कोंबडी एकाएकी उभी राहीनाशी झाली की ‘आता ही जगत नाही’ असे म्हणून तिला कापण्याची घाई केली जाते, हे पाहून फार वाईट वाटते. आमच्या कोंबडीच्या तळपायावर काळी खपली होती आणि तिच्याखाली पू साचला होता. पाय उलटून पाहिल्यावरच ते कळले. अंडे आत अडकले, तरीही पाय लुळे पडतात. एक पाय पुढे व दुसरा मागे ताणलेला दिसला, तर मात्र मरेक्स या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. त्यावर औषध नाही, त्याची लस पिलू 1 दिवसाचे असतानाच टोचतात. आजारी कोंबडीला इतरांच्या चोचींपासून दूर, मऊ भुशावर बसवावे, पाणी तिच्या चोचीजवळ ठेवावे आणि पशुवैद्यांना विनाविलंब दाखवावे.

— एक वाचक