अ‍ॅम्प भंगारात काढण्याआधी

महोदय,

बास गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचा आवाज मधूनच गेला की तो विकायची घाई होते, याचे वाईट वाटते. आधी मागच्या ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ जॅकमध्ये (बाहेरची इफेक्ट-यंत्रे जोडायच्या खाचांमध्ये) छोटी केबल जोडावी. आवाज परतला तर दोष रिटर्न जॅकमधल्या काळवंडलेल्या पत्तीचा. अ‍ॅम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा फवारा) मारावा, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करावा. बहुधा तेवढ्याने भागते. स्पीकर सुटा करून मल्टिमीटर लावल्यास ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो. काहीच न दाखवल्यास स्पीकरमधली कॉइल (तारेचे वेटोळे) तुटलेली समजावी. फ्यूज त्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा घालावा. तोही लगेच उडाला तर बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असतात. जास्त अँपिअरचा फ्यूज मुळीच घालू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक व्होल्टेज उरते, तेव्हा आतले काम जाणकार मेकॅनिकवरच सोपवावे.

– एक वाचक