समासातल्या एका ओळीसाठी

प्रिय काका,

हे पत्र पाच वर्षं उशिरा लिहितेय. माझ्या कादंबरीची प्रुफं तुम्ही तपासून दिलीत तेव्हा फोनवर मी तुम्हाला म्हटलं होतं, "तुमचे आभार मानून मोकळी होणार नाही, तुमच्या ऋणातच राहायला आवडेल." तुम्ही "बरं बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, भाषणात म्हणतो, पुस्तकाच्या मनोगतात छापतो, कानाला गोड लागतं. पण मला आता ते पटेनासं झालंय. का ते सांगते, आणि तुमच्या एकट्याच्या कानात न सांगता सगळ्यांसमोर सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काका प्रुफं तपासतात, म्हणजे छापण्याआधीची पानं वाचून त्यातल्या चुका काढतात. मुद्रितशोधक. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं, मुखपृष्ठ करणाऱ्याचं असतं, मुद्रितशोधकाचं कधी असतं कधी नसतं. माझ्या पहिल्या दोन पुस्तकांत नव्हतं आणि का नाही असं मी विचारलंही नाही, ही माझी चूक आहे आणि ती इथे कबूल करते.

मी प्रेमकथा लिहिते. त्यातून लोक काय काय समजतात ते मला पाठ झालंय, म्हणजे वेळ घालवायचं साधन, एका बैठकीत वाचून ठेवून द्यायची गोष्ट, आणि लिहिणारीला पण काय, सुचलं की लिहिलं. काकांनी आयुष्यभर व्याकरणाची, शास्त्राची, कोशांची प्रुफं वाचलेली. माझी कादंबरी त्यांच्याकडे गेली तेव्हा मला वाटलं होतं की हे वरवर चाळून परत पाठवतील. काका, तुम्ही तसं केलं नाहीत. "डोळ्यात पाणि आलं" असं टाइप झालं होतं तिथे तुम्ही शिसपेन्सिलीने लिहिलंत, 'पाणि म्हणजे हात, पाणिग्रहणातला. इथे दीर्घ.' चौथ्या प्रकरणात नायिका डावखुरी होती आणि एकोणिसाव्यात उजव्या हाताने लिहीत होती, ते तुम्ही पकडलंत. तिचा भाऊ एका ठिकाणी तिच्याहून मोठा आणि एका ठिकाणी धाकटा झाला होता, तेही. वेगळ्या कागदावर माझ्या सगळ्या पात्रांची वयं, सवयी, कोण कोणाला अहो म्हणतं कोण अरे म्हणतं हे तक्त्यासारखं लिहून प्रुफांबरोबर जोडलं होतंत. माझी माणसं माझ्याआधी तुम्ही खरी मानलीत. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला हे किती मोठं वाटतं ते मला शब्दात नीट सांगता येणार नाही.

आणि मग पान १४३. समासात एकच ओळ होती, 'ही सगळ्यांचं करते. हिला कोणी कधी काही म्हणतं का?'

खरं सांगते, मला राग आला. ह्रस्व-दीर्घ बघायला दिलंय, गोष्टीत कशाला शिरताय असं वाटलं, दोन दिवस मी ती प्रुफं उघडली नाहीत. तिसऱ्या दिवशी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून मोजायला बसले. नायिका नायकासाठी काहीतरी करते असे ३१ प्रसंग होते. त्याच्या आजारी वडिलांपाशी रात्र काढते, त्याची हरवलेली फाइल शोधून देते, त्याच्या बहिणीला परीक्षेला सोडून येते, आणि तो? तो एकदाच बोलतो, शेवटच्या प्रकरणात, पावसात, स्टेशनवर धावत येऊन, "तुझ्याशिवाय मी अपूर्ण आहे." ते वाक्य लिहिताना मी स्वतः रडले होते, पण मोजून झाल्यावर परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की ते तिच्याबद्दलचं वाक्यच नाही. ते त्याच्याबद्दल आहे. त्याला ती दिसलेलीच नाही, त्याला फक्त स्वतःचं रिकामेपण दिसलंय.

प्रेमकथेत शेवट गोड होणार हे वाचकाला आधीपासून ठाऊक असतं, तो आपण त्याला दिलेला शब्दच असतो. म्हणून दोघं एकत्र येतात का हा प्रश्न उरत नाही, प्रश्न उरतो तो का येतात हा, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. ३१ वेळा तिने त्याला उत्तर दिलं होतं आणि त्याने एकदाही प्रश्न ऐकला नव्हता.

प्रकाशकांकडून सहा आठवडे मागून घेतले, ते कुरकुरले पण दिले त्यांनी, आणि पावसातलं स्टेशन काढून टाकलं. त्या जागी जे आलं ते तुम्हाला माहितीये. तो रोज रात्री उशिरा घरी येतो, दाराची जुनी कडी करकरते आणि वडिलांची झोप मोडते. एका रात्री त्याच्या लक्षात येतं की कडी वाजलीच नाही. कितीतरी दिवस वाजलेली नाही. तो बोटाने चाचपून बघतो, बोटाला तेल लागतं. दुसऱ्या दिवशी तो तिला एवढंच विचारतो, "कडीला तेल तू घालतेस ना?" बस. त्याच्यापुढे मी दोन ओळी लिहिल्या होत्या त्याही खोडल्या. आज वाचक मला लिहितात ते त्या कडीबद्दल लिहितात, एका बाईंनी लिहिलं होतं की माझ्या घरची कडी वीस वर्षं वाजत नाहीये आणि अजून कोणी विचारलेलं नाही. त्या मेसेजला उत्तर द्यायला मला आठवडा लागला.

नंतर कधीतरी वाचनात आलं की जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेनेही तिच्या 'पर्स्वेशन' या प्रेमकथेचा शेवट बदलला होता. १८ जुलै १८१६ ला तिने कादंबरी संपवली, मग तो शेवट तिला रुचेना, तब्येत साथ देत नसताना ती परत बसली आणि ६ ऑगस्टपर्यंत नवा शेवट लिहून काढला. टाकून दिलेल्या भागाची तिच्या हातची पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत अजून. जुन्या शेवटात नायक कोणा दुसऱ्याने सोपवलेला निरोप घेऊन नायिकेकडे येतो आणि तिथून त्यांचं जुळतं. नव्यात तो त्याच खोलीत टेबलापाशी लिहीत बसलाय, ती दुसऱ्याच कोणाशी बोलतेय, बाईचं प्रेम किती टिकतं त्याबद्दल, आणि तो ते ऐकतोय. ऐकता ऐकता तिला पत्र लिहितो. त्याला ती ऐकू आली, सगळा फरक तेवढाच आहे, पण त्या एवढ्याशा फरकावर पुस्तक उभं राहतं. मला तेव्हा तुमची पेन्सिल आठवली.

आता ऋणाचं. सारा अल्गो नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना दोन आठवडे रोज नोंदी ठेवायला सांगून केलेला, जोडीदाराने आज तुमच्यासाठी काय केलं आणि तुम्हाला काय वाटलं. एखाद्याने काही केलं की माणसाला कृतज्ञताही वाटते आणि आपल्यावर उपकार झाले, फेडायला हवेत असंही वाटतं, दोन्ही एकाच वेळी. पण दुसऱ्या दिवशी नातं जास्त जवळचं वाटलं ते कृतज्ञतेमुळे, त्या ओझ्यामुळे नाही. हे वाचलं आणि मला फोनवरचं माझं वाक्य आठवलं. ऋणात राहायला आवडेल असं म्हणून मी तुम्हाला सावकार केलं होतं काका, आणि स्वतः बोलायचं टाळलं होतं. कडीला तेल लागलंय हे बोट लावून बघितलं होतं, पण विचारलं नव्हतं.

तेव्हापासून रात्री लॅपटॉप बंद करायच्या आधी, त्या दिवशी ५०० शब्द झाले असोत नाहीतर ४०, एका वहीत एक ओळ लिहिते. आज कोणी काय केलं. "सगळ्यांचे आभार" असलं काही नाही लिहायचं, नेमकं लिहायचं, कारण मोघम थँक्यू हे त्या अपूर्ण आहेवाल्या वाक्यासारखंच असतं, समोरचा त्यात दिसतच नाही. आणि जमेल तेव्हा ते त्या माणसाला सांगायचं. मी पहाटे पाच ते सात लिहिते, एवढ्या वर्षांत माझा नवरा त्या वेळात स्वयंपाकघराचं दार हलकेच ओढून घेतो म्हणजे भांड्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही. एके दिवशी मी त्याला तेवढंच म्हटलं, दार लावून घेतोस ते मला कळतं हं. तो जरा वेळ गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "कळत होतं तुला?" मी इतकी पुस्तकं लिहिली पण एवढा चांगला संवाद मला सुचला नव्हता.

तर काका, नेमकं सांगायचं तर पान १४३ वरच्या त्या ओळीसाठी आभार. ती तुमच्या कामात बसत नव्हती आणि तिचे तुम्हाला पैसेही मिळणार नव्हते, तरी लिहिलीत. पेन्सिलीने लिहिलीत, म्हणजे मला नको असेल तर खोडता यावी, हे मला फार उशिरा कळलं, त्यासाठी वेगळे आभार. त्या तक्त्यासाठी आभार, तो अजून माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे आणि आता प्रत्येक कादंबरीसाठी मी आधी तसा एक करते. पाणि आणि पाणीसाठी आभार.

नव्या कादंबरीची प्रुफं पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतील. समास या वेळी रुंद ठेवायला सांगितलाय, दीड इंच. आणि चौथ्या पानावर, मुखपृष्ठ करणाऱ्याच्या नावाखाली, 'मुद्रितशोधन' असं लिहून पुढे तुमचं नाव आहे. तेवढं आधी तपासा, त्यात ह्रस्व-दीर्घ चुकलेलं मला चालणार नाही.