संवादवर्गात लेखनालाही वेळ द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्या. रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या पुण्यात आज संवादकौशल्याच्या वर्गांना तोटा नाही. मात्र बहुतेक ठिकाणी सारा भर भाषणावरच असतो. मी ज्या वर्गाला जात होते, तेथे महापालिकेकडे करायचा पाणीपुरवठ्याचा तक्रारअर्ज आधी लिहायला लावत आणि मग तोच कागद पालथा ठेवून तोंडी मांडायला सांगत. अडचण काय, कधीपासून, मागणी कोणती, हा क्रम लिहितानाच पक्का झाल्यामुळे सोसायटीच्या सभेत एरवी मान खाली घालून बसणारी मीही उभी राहून मुद्द्याचे बोलू लागले. महाविद्यालयांनी असे वर्ग घेताना निम्मा वेळ लेखनासाठी राखून ठेवावा, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे