कुडाळच्या मिक्सिंगवाल्या (लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणाऱ्या) दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

पैसे घ्यायला तुम्ही नाही म्हणालात आणि फोनवर आभार मानायला लागले की 'होय होय ताय' म्हणत विषय बदलता. म्हणून आता चारचौघांत लिहूनच टाकते. आमच्या बाबांचं दशावतारातलं वाजवणं तुमच्यामुळे वाचलं. कसं वाचलं तेही सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत कपाटात एक हँडीकॅम आणि हार्ड डिस्कवर न उघडणाऱ्या फाइली पडून आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद रंगमंचावर उभं राहिल्यावर सुचतात आणि पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची हार्मोनियम, वाजवणारा त्या बोलण्याच्या अंदाजानं सूर धरतो. त्या रात्रीचं बोलणं त्या रात्रीच संपतं. बाबा पायपेटीवर असत. माझ्या भावानं 2011 च्या सुमारास जत्रांमधून हँडीकॅमवर रात्र रात्र शूटिंग केलं आणि शहाणपणा असा की प्रत्येक कार्ड जसंच्या तसं, सगळ्या फोल्डरांसकट, डिस्कवर उतरवून ठेवलं.

पुढे तो हँडीकॅम बिघडला आणि आम्ही अडकलो. फाइलींच्या नावांच्या शेवटी एमटीएस. एका लॅपटॉपवर चित्र दिसे पण आवाज नाही. दुसऱ्यावर आवाज येई, चित्र मात्र अडखळत. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की सगळंच हँग. इथं पुण्यात एका दुकानात विचारलं, तर म्हणाले, 'डीव्हीडी करून देतो, बाकीच्या बारीकसारीक फाइली उडवून टाका.' मी बरं म्हणणारच होते, तेवढ्यात भावानं तुमचा नंबर दिला.

तुमचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता, 'मूळ कार्डाची कॉपी कुठे आहे?' असा होता. मग डीव्हीडीचा हिशेब तुम्ही फोनवरच मांडलात. हँडीकॅमचं चित्र 1920 बाय 1080 ठिपक्यांचं, आपल्याकडच्या डीव्हीडीचं 720 बाय 576. गुणाकार करून बघा म्हणालात. केला. बरोबर पाचवा हिस्सा उरतो! चार हिस्से फेकून द्यायचे पैसे मी मोजणार होते.

आणि मग ते वाक्य, जे मी आता सगळ्यांना ऐकवते: 'फाइल बरी आसा ताय, डबो तेवढो बदलूक व्हयो.' म्हणजे आतला माल चांगला आहे, चित्र आणि आवाज ज्यात एकत्र भरलेत तो डबा, फाइलीचा प्रकार, तेवढा बदलायचा. सोनी आणि पॅनासॉनिकनं 2006 मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत आतलं चित्र एच.264 या पद्धतीनं दाबलेलं असतं, म्हणजे आजही जिकडेतिकडे चालतं तेच. आवाज बहुधा डॉल्बी पद्धतीचा असतो आणि तो उलगडणारा डिकोडर प्रत्येक संगणकात असतोच असं नाही. आमचा मुका लॅपटॉप त्यातलाच. व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्लेअर स्वतःचा डिकोडर घेऊन येतो, म्हणून तिथं तीच फाइल बोलायला लागली. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरनं तुम्ही चित्र जसंच्या तसं उचलून एमपी4 मध्ये ठेवलंत आणि फक्त आवाजाची पद्धत बदललीत. चित्राची नव्यानं दाबादाबी नाही, त्यामुळे कणभरही फरक नाही आणि वेळही किरकोळ. मी रात्रभर रेंडरिंग चालेल म्हणून लॅपटॉपखाली पाट ठेवून बसले होते, आणि चहा होईपर्यंत काम उरकलं.

पण खरं कौतुक मला सांध्यांचं आहे. रात्रभर सलग चाललेलं शूटिंग कॅमेरा एका फाइलीत ठेवत नाही. कार्डाच्या फॅट32 पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आमचा हँडीकॅम तर 2 जीबीलाच तोडायचा. तोडतो तेव्हा गाणं चालू आहे की बोलणं, हे तो बघत नाही. एका ठिकाणी देवी प्रवेश करते, बाबा वरच्या षड्जावर सूर धरून ठेवतात आणि नेमकी तिथंच फाइल संपते. मी दोन्ही फाइली एडिटिंगमध्ये शेजारीशेजारी लावल्या की सुरात बारीकसा खड्डा पडायचा. आवाजाचा एक तुकडा अर्धा या फाइलीत, अर्धा त्या फाइलीत, म्हणून दोन्हीकडे तो वाया जातो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. उपाय किती साधा! आधी जोडा, मग डबा बदला. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) 'कॉपी', तिरकी रेघ, 'बी', दोन फाइलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह, शेवटी नव्या फाइलीचं नाव. सूर अखंड आला. त्या जागी मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं, सांधा सापडत नाही.

कुठली फाइल कुठल्या फाइलीला जोडायची, हे ठरवायलाही ती 'उडवून टाका' म्हटलेली बारकी पिल्लावळ कामी आली. चित्रं 'स्ट्रीम' नावाच्या फोल्डरात असतात, पण कोणता तुकडा कोणत्या शूटिंगचा, ही नोंद शेजारच्या 'प्लेलिस्ट' आणि 'क्लिपइन्फ'मध्ये असते. बहुतेक लोक नेमकं तेच पुसतात.

बाकीचं भराभर सांगते. युद्धाच्या प्रसंगात तलवार फिरली की कडांना दातेरी रेषा दिसत. कारण तो कॅमेरा सेकंदाला 50 अर्धी चित्रं घेतो, एकाआड एक ओळींची. तुम्ही फक्त बघण्याच्या प्रतीत त्या रेषा काढल्यात, तेही सेकंदाला 50 पूर्ण चित्रं ठेवून, म्हणून संकासुर राक्षसाच्या उड्या अजून उड्याच वाटतात. एडिटिंग अडखळे, कारण अशा फाइलीत पूर्ण चित्र मधूनमधूनच असतं आणि मधल्या चित्रांसाठी फक्त बदल लिहिलेले असतात. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला प्रत्येक कटला तो सगळा हिशेब नव्यानं करावा लागे. शॉटकट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी चालू करून दिलीत, काम हलक्या नकलेवर आणि शेवटची फाइल मूळ चित्रावरून. आता मीच मिक्सिंग करते. टायटलला फुलं उडवत नाही, एवढाच तुमच्या लग्नांच्या कॅसेटींशी फरक. (राग मानू नका.)

शेजारच्या काकूंच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या एमओडी फाइलींचा प्रश्नही तुम्ही फोनवरच सोडवलात. नाव बदलून एमपीजी केलं आणि चालल्या, माणसं उभट दिसली तेव्हा चित्राचं प्रमाण रुंद, 16:9 करायला सांगितलंत. काकूंनी आमसुलं पाठवायची म्हटलंय. कुडाळला आमसुलं पाठवू नका, असं मी त्यांना सांगून पाहिलं.

बाबा आता टीव्हीवर स्वतःला ऐकतात. भावुक वगैरे होतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी रिमोट मागितला, मागे नेऊन तोच भाग पुन्हा लावला आणि म्हणाले, 'ह्यो पखवाजवालो धावता खंय?' तेव्हापासून रोज एका आख्यानाची तपासणी चालू आहे. कुठल्या नटानं कुठलं वाक्य कुणाकडून उचललं होतं, तेही बाहेर येतंय आणि भाची ते वहीत उतरवून घेते आहे.

भाऊ येत्या जत्रेला गावी येतोय. त्याच्याबरोबर एक हार्ड डिस्क पाठवते, सगळ्या मूळ कार्डांची प्रत आहे. दोन प्रती दोन गावांत ठेवा, असं तुम्हीच म्हणाला होतात, तर दुसरी तुमच्या दुकानात राहू द्या. 2004 च्या मिनीडीव्ही कॅसेटीही त्याच पिशवीत आहेत. तासाला साधारण 13 जीबी लागतात म्हणालात, म्हणून डिस्क मोठी घेतली आहे. त्या संगणकात उतरवायला लागणारी फायरवायरची केबल तुमच्याकडे आहेच. कॅसेटी मात्र लग्नसराई संपल्यावरच घ्या, आणि या खेपेला पैसे घेणार असाल तरच.

तुमची
पुण्याची ताई