कमी दिवसांच्या बाळांसाठी रक्तदाब मोजण्याचा एक नंबरचा (सर्वांत लहान) कफ द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

कमी दिवसांच्या बाळांत मुलगा मुलीपेक्षा नाजूक, हे लेबर रूममधली कोणतीही सिस्टर सांगेल. त्याचे एक कारण रक्तवाहिन्यांत आहे आणि ते थेट आपल्या खात्याच्या खरेदीपर्यंत येते: रक्तदाब मोजताना बाळाच्या दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे कफपर्यंत.

ऑस्ट्रेलियात गर्भाच्या २४ ते २८ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळांच्या त्वचेतला रक्तप्रवाह लेझर डॉप्लरने (प्रकाशकिरणाने प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने) मोजला गेला. जन्मानंतर २४ तासांनी मुलग्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मुलींपेक्षा जास्त सैलावलेल्या आढळल्या. अशाने रक्त कातडीतच रेंगाळते, रक्तदाब उतरतो.

फसगत इथेच होते. छातीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडले आणि तीन सेकंदांच्या आत रंग परतला, की ‘परफ्युजन चांगले’ (अवयवांना रक्त नीट पोहोचते) अशी नोंद पडते. सैल वाहिन्यांच्या बाळात रंग झटकन परततो, बाळ गुलाबी दिसते आणि दाब मात्र खाली असू शकतो. उलट, डिसेंबरात धारणीहून घाट उतरून अमरावतीला पोहोचलेले बाळ गारठलेले असेल, तर रंगाला उशीर थंडीने लागतो की शॉकने (रक्ताभिसरण कोलमडल्याने), हे कळत नाही. म्हणून पहिले तीन दिवस दाब मोजायलाच हवा, आणि सोबत काखेतले तापमान लिहायला हवे.

मोजायचा कशाने? मॉनिटर असतो, कफ असतो पाच नंबरचा. किलोभराच्या बाळाचा दंड आपल्या अंगठ्याएवढा. त्याला एक किंवा दोन नंबर लागतो. मोठा कफ दाब खोटाच कमी दाखवतो, छोटा जास्त. तो खोटा आकडा पाहून कोणी घाईने सलाईन ढकलले, तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका. सरासरी दाब (मिमी पाऱ्यात) गर्भवयाच्या, म्हणजे पोटात काढलेल्या, आठवड्यांच्या आकड्याइतका तरी असावा, हा ढोबळ हिशेब आहे. लघवी, ठोके, हालचाल पाहिल्याशिवाय त्यावर उपचार करू नयेत.

तेव्हा निविदेत एक, दोन, तीन नंबरचे कफ स्वतंत्र ओळीत लिहा. नुसते ‘निओनेटल कफ’ लिहिले की पुरवठादार एकच नंबर देऊन मोकळा होतो. १०८ च्या गाडीतही ते हवेत.

२४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोन (बाळाची फुप्फुसे पिकवणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन) ६ मिलिग्रॅम, १२-१२ तासांनी चार डोस, हे ठरलेलेच आहे. पहिला डोस मात्र गाडीत बसवण्याआधी, उपकेंद्रातच पडावा. फुप्फुसांसोबत बाळाचा दाब सावरायलाही त्याची मदत होते.

मुलगे नाजूक, म्हणून मुलींना थांबवा, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) दाखल होणाऱ्यांत मुली आधीच कमी असतात. त्या चिवट म्हणून, की त्यांना आणलेच जात नाही म्हणून? मासिक अहवालात लिंग एका तक्त्यात आणि गर्भवय दुसऱ्यात राहिले, तर याचे उत्तर मिळणार नाही. २८ आठवड्यांखालील, २८ ते ३२ आणि ३२ ते ३४ अशा प्रत्येक गटात मुलगे किती, मुली किती, दगावले किती, हे एकाच तक्त्यात मागवा.

आपले,
विदर्भाच्या ग्रामीण भागातील नवजात कक्षांत काम करणारे डॉक्टर व परिचारिका